डाव्या हाताची कात्री

आमच्या विभागात त्यांना सगळे कारणकाका म्हणायचे. अर्थात पाठीमागे. समोर नुसतं काका, आणि तेही जरा आवाज उतरवून.

आमचा विभाग डिटेलिंगचा. म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या आईलासुद्धा ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. डिझायनर वस्तूचं चित्र काढतो. चित्र सुरेख असतं, साहेबांना आवडतं, भिंतीवर लागतं. पण त्या चित्रावरून कारखान्यात साधं झाकणसुद्धा बनत नाही. भिंत किती जाड, कोपरा किती गोल, भोक कडेपासून किती अंतरावर आणि ते अंतर केसभर इकडेतिकडे झालं तर चालेल की नाही, हे सगळं कोणीतरी कागदावर आकड्यांत मांडावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आम्ही. आमचं नाव वस्तूवर नसतं, खोक्यावर नसतं. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात 'काढले' आणि 'तपासले' असे दोन चौकोन असतात, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात आम्ही असतो.

आता कारणाचं. ड्रॉइंग एकदा कारखान्यात गेलं की त्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो, त्यात नोंद करायची: काय बदललं, कोणी, कधी आणि कशासाठी. शेवटच्या रकान्यात बाकी सगळे 'सुधारणा' असं ठोकून मोकळे होतात. काकांना तो शब्द दिसला की तिडीक जायची. "सुधारणा हे कारण नाही. आधी बिघडलं काय होतं, ते लिही." मी नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी माझं एकच ड्रॉइंग चार वेळा परत पाठवलं, त्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करून. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. पाचव्या वेळी चिडून लिहिलं, 'भोक चुकीच्या जागी काढले, कारण माझे लक्ष नव्हते.' काकांनी शांतपणे वाचलं आणि सही केली. म्हणाले, "बघ, जमलं की. वीस वर्षांनी कोणी हा कागद उघडला तरी त्याला कळेल."

त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. ती पट्टी कशावर टेकेल याचा नेम नव्हता. चहाच्या कपाचा कान, दाराची कडी, समोरच्याच्या चष्म्याची दांडी. एकदा एक नवा डिझायनर किटलीचं चित्र घेऊन आला आणि हात हवेत फिरवत म्हणाला, "ही जमिनीवर ठेवल्यासारखी वाटायला नको. तरंगल्यासारखी वाटायला हवी." काकांनी पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. "किती मिलिमीटर?" तो पोरगा पुढे पंधरा दिवस आमच्या मजल्यावर फिरकला नाही.

माणूस असा खडूस. पण संध्याकाळचे साडेपाच झाले की काका वेगळेच होत. टेबल पुसायचे, पेन्सिली ओळीने लावायचे आणि आमच्या कोणाच्याही आधी जिना उतरायचे. घर चालत बारा मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलं की काकूंच्या कात्रीचा आवाज ऐकू येतो, असं ते म्हणायचे. काकू शिंपीकाम करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून कापडं बेतायचं मोठं टेबल, कोपऱ्यात शिलाई मशीन, आणि भिंतीवर एका खिळ्याला ती कात्री.

त्या कात्रीची गोष्ट काकांनी मला एकदाच सांगितली, मी एका ड्रॉइंगवर खूण टाकायला विसरले तेव्हा. खूण म्हणजे हे. वस्तू कागदावर काढताना समोरून, वरून, बाजूने अशी दोन-तीन दृश्यं काढावी लागतात. ती दृश्यं कुठे मांडायची याच्या दोन पद्धती आहेत. एकीत वरून दिसणारं दृश्य खाली काढतात, दुसरीत ते वरच काढतात. कुठली पद्धत वापरली आहे ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून कोपऱ्यात नखाएवढी खूण असते. कागदावरची एकही रेघ चुकलेली नसताना फक्त ती खूण चुकली, तर वाचणारा अख्खी वस्तू आरशातल्यासारखी उलटी समजतो आणि उलटीच बनवतो.

काकांनी ऐन उमेदीत नेमकं हेच केलं होतं. आमच्या कारखान्याने तेव्हा शिंप्यांच्या कात्र्या काढायच्या ठरवल्या होत्या. काकांनी दोन्ही पात्यांची ड्रॉइंगं सवयीच्या पद्धतीने काढली, पण छापील कागदावर आधीपासून खूण होती ती दुसऱ्या पद्धतीची. टूलरूममध्ये साचे बनवणारे एक डायमेकर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामा खूण वाचूनच काम करणारे. त्यांनी खुणेप्रमाणे साचा बनवला, आणि पहिल्या चाळीस कात्र्या बाहेर आल्या त्या सगळ्या उलट्या. वरचं पातं खाली, अंगठ्याचा उतार भलतीकडे. उजव्या हातात धरली की कापड पात्यांमध्ये दुमडायचं, कापलं जायचंच नाही. साहेबांनी काकांना उभं-आडवं झापलं. कात्र्या वितळवायला गेल्या, नवा साचा करावा लागला, आणि मामांनी पुढची कित्येक वर्षं काकांना पाण्यात पाहिलं.

त्या चाळीसांतली एक काकांनी मागून घेतली. कारण काकू डावखुऱ्या.

काकूंनी लहानपणी डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या, पण हात काही बदलला नव्हता. त्या सगळं काम उजव्या हाताच्या कात्रीने डाव्या हातात धरून करत. डाव्या हातासाठी वेगळी कात्री असते हे आमच्याकडे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. अंगठा आत ओढून दाबत राहावं लागायचं, त्याने अंगठ्याच्या मुळाशी बोराएवढा घट्टा झाला होता. काकांनी ती उलटी कात्री टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. "परत आलो तर ही एक चिंधी कापतेय, दुसरी कापतेय, तिसरी कापतेय," काका सांगत होते. "मी म्हटलं, काय गं? तर म्हणाली, अहो, ही माझं ऐकते." एवढं सांगून त्यांनी माझं ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं. "खूण टाक. आणि लक्षात ठेव, सगळ्यांच्या चुका अशा उपयोगी पडत नाहीत."

अंगठ्याचा तो घट्टा वर्षभरात गेला. कात्री पुढे सव्वीस वर्षं चालली. धार काका लावायचे, स्क्रूही तेच आवळायचे, दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं महिनाभरात परत आलं, काठी घेऊन चालायलाही लागल्या. डावा हात तेवढा गेला. खांद्यापासून खाली तो नुसता असतो. बसताना त्या उजव्या हाताने तो उचलून मांडीवर ठेवतात.

मी भेटायला गेले तेव्हा शिलाई मशीनवर चादर घातलेली होती. बायकांची अर्धवट कापडं घड्या करून परत पाठवली होती. बेतायच्या टेबलावर औषधं, पाण्याचा तांब्या आणि वर्तमानपत्रं. काका मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. तिथे थांबले आणि म्हणाले, "इथे मी रोज थांबतो. चुकून कान देतो. मग आठवतं." इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी रस्त्यावरच्या एका खांबाकडे बघत राहिले.

त्यानंतर काही आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत काका जुन्या ड्रॉइंग बोर्डावर कागद लावून बसलेले दिसले. आता आमचं सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, तो बोर्ड खिडकीशी कुंड्या ठेवायला होता. काकांनी कुंड्या खाली काढल्या होत्या. मी डोकावले. कागदावर एक विचित्र कात्री होती. खालच्या पात्याला टेबलावर टेकून राहील असा रुंद पाय. वरचं पातं स्प्रिंगने आपोआप उघडणारं. बोटं कड्यांत घालायची गरजच नाही, तळहात वर ठेवायचा आणि नुसता दाबायचा. त्यासाठी मुठीला तळव्याच्या बाकाचा उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर चौदा मापं.

"ही मापं कुठली?" मी विचारलं.

"तिच्या डाव्या हाताची. झोपली होती तेव्हा घेतली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, हाताला काम मिळालं तर कधी कधी थोडं परत येतं."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांना मापं देणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःची वस्तू काढली होती. मामांनी ती फावल्या वेळात हाताने घडवून दिली. देताना एवढंच म्हणाले, "खूण दोनदा बघितली हो." दोघंही हसले. जुनं भांडण त्या दिवशी मिटलं, असं मला वाटतं.

मग सुरू झाले ते पाच महिने. रोज संध्याकाळी काका घरी जायचे, टेबलावरची औषधं बाजूला करायचे, कापडाचा तुकडा पात्यांमध्ये ठेवायचे आणि काकूंचा डावा हात उचलून मुठीवर मांडायचे. "दाब." हात घसरायचा. ते परत मांडायचे. "दाब." दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन स्प्रिंग हलकी करायचे. स्प्रिंगची ताकद त्यांनी सहा वेळा बदलली. प्रत्येक बदलाची नोंद तक्त्यात, कारणासकट: 'हात दाबत नाही.' 'हात अजूनही दाबत नाही.' सहावी नोंद मी वाचली आणि बोर्डापासून बाजूला झाले. तरी आज अंगठा हलला, असं ते आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. मी "अरे वा" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. काका धार लावायचा दगड आणायला बाहेर गेले होते. काकू स्वयंपाकघरात उजव्या हाताने चहा गाळत होत्या. गाळणी भांड्यावर अडकवून, न सांडता. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी डोळ्यांनीच मला मागे सारलं.

"एक काम कर माझं," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांग, मला ती कात्री उजव्या हाताची करून द्या."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अशी बघू नकोस गं. ह्या हाताने मी आता लिहिते, भाजी चिरते, वेणी तेवढी येत नाही. बाजारातली कात्रीही धरून बघितली. पण कापड धरायला दुसरा हात लागतो ना, तो कुठून आणू? ह्यांनी काढलेली वस्तू चांगली आहे. टेबलावर टेकून राहते, आपली आपण उघडते. फक्त ती मेलेल्या हातासाठी काढलीय." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "मला कापड कापायचंय. शिवायचंय. ह्यांना माझा हात हवाय. रोज संध्याकाळी तो उचलतात, रोज तो पडतो, मग माझ्याकडे बघून हसतात. ते हसणं मला बघवत नाही."

"मग तुम्हीच का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर म्हणतील, हिने धीर सोडला. तू सांग. तुझ्याशी भांडता येईल त्यांना."

झालंही तसंच. सोमवारी मी सांगितलं आणि काका माझ्यावर असे कडाडले की शेजारच्या टेबलावरच्यांनी कानातले हेडफोन काढले. "माझ्या घरात नाक खुपसायचं कारण नाही, तुला काय कळतं, अंगठा हलतोय." मीही तोंड आवरलं नाही. म्हटलं, "काका, कागद तसाच ठेवून फक्त खूण बदलायची आहे. तुम्हीच शिकवलंत. एका मिनिटाचं काम."

ते खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्या एका मिनिटाच्या कामाला तीन आठवडे गेले. कागद बोर्डावर तसाच. काका येता-जाता त्याच्याकडे बघायचे. एकदा खोडरबर हातात घेऊन बसलेले दिसले, जेवणाचा डबा न उघडता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. घरी काकू वाट बघत होत्या, आणि हा माणूस नखाएवढ्या खुणेपाशी अडून बसला होता. पण मग मनात यायचं, ती खूण पुसली की गल्लीच्या तोंडाशी कान देणंही संपलं. सव्वीस वर्षं ज्या हाताचा आवाज ऐकत ते घरी गेले, तो हात परत येणार नाही, असं त्यांना स्वतःच्या अक्षरात, कागदावर मान्य करायचं होतं. मला तरी जमलं असतं का, कोण जाणे.

चौथ्या आठवड्यात बुधवारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि कागद पसरला. 'काढले'मध्ये त्यांची सही होती. 'तपासले' रिकामा होता.

"तपास," म्हणाले.

इतकी वर्षं माझी ड्रॉइंगं त्यांनी तपासली होती. त्यांचं ड्रॉइंग त्यांनी कधी कोणाला दिलं नव्हतं. मी त्यांच्याच पद्धतीने तपासलं, एकेका मापावर पिवळी रेघ ओढत. पाय, पातं, स्प्रिंग, मुठीची चौदा मापं. सगळं बिनचूक. मग खूण. जुनी खूण इतक्या वेळा खोडली होती की तिथे कागद पातळ झाला होता, आणि त्या पातळ जागेवर नवी खूण होती. मग वरचा तक्ता. सातवी नोंद: 'खूण बदलली.' तारीख. सही.

शेवटचा रकाना रिकामा.

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. रिकामा राहू दे, असं माझं मन म्हणत होतं. हा कारखान्याचा कागद नव्हता, तो वाचणार होते फक्त मामा. पण ह्या माणसाने मला चार वेळा परत पाठवलं होतं. आज मी डोळेझाक केली असती तर त्यांना ते लगेच कळलं असतं, आणि दयेपोटी केलेली सही त्यांना चालली नसती. मी ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढली आणि रकान्याभोवती गोल केला.

"काका, कारण राहिलंय."

त्यांनी कागद परत ओढला. मग माझ्याच टेबलावर वाकून, माझ्याच पेनाने, नेहमीच्या त्या ठाशीव अक्षरात त्यांनी लिहिलं: 'डावा हात परत येणार नाही.'

मी सही केली.

मामांनी आठ दिवसांत कात्री दिली. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. टेबल रिकामं केलं होतं, मशीनवरची चादर काढली होती. जुनी कात्री खिळ्यावर होती, तिला नुकतंच तेल दिल्याचं दिसत होतं. काकूंनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला, उजवा तळवा मुठीवर टेकवला आणि दाबला. कापड कापलं गेलं. त्या थांबल्या, त्याच हाताने कापड पुढे सरकवलं, परत दाबलं. उशीच्या अभ्र्याचं साधं चौकोनी कापड होतं, पण कापायला पाऊण तास लागला. काका मागे उभे होते आणि प्रत्येक आवाजाला त्यांची मान किंचित हलत होती. हा आवाज पूर्वीचा नव्हता. थांबून थांबून येत होता.

शेवटी काकूंनी कापड उचलून दोघांमध्ये धरलं. एक कड तिरकी गेली होती, चांगली बोटभर. ते शिवणकामातलं काही न कळणाऱ्या माझ्यासारखीलाही लांबून दिसत होतं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पट्टीला लागला. मग त्यांनी तो तसाच खाली आणला, कापडाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "सरळ आहे."